आमच्या एलबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला आमची छोटी ब्रूअरी, म्हणजे बिअर बनवायचा कारखाना आहे, एका वेळी ५०० लिटर बनते, बस. बुधवारी सकाळी माल्ट भिजायला पडलं की गोडसर वास पार रस्त्यापर्यंत जातो आणि कोणी ना कोणी गेटवर येऊन विचारतंच की आत काय शिजतंय. आम्ही सांगतो, बोलावतो, दाखवतो. पण कामाच्या गडबडीत उत्तर अर्धवट राहतं आणि ते मनाला लागतं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. लांबलंय, पण सावकाश वाचा.

एल म्हणजे नक्की काय? बिअरच ना?

बिअरच. बिअरची दोन मोठी घराणी आहेत, एल आणि लागर, आणि दोघांमधला खरा फरक यीस्टचा. एलचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पावाचं यीस्ट याच जातीचं. ते साधारण १८ ते २२ डिग्रीला मजेत काम करतं, जोरात फेस काढतं आणि चार-पाच दिवसांत मुख्य काम उरकतं. लागरचं यीस्ट वेगळं, त्याला ८ ते १२ डिग्री लागतात, ते हळू चालतं आणि नंतर कित्येक आठवडे थंडीत पडून राहावं लागतं. दुकानात मिळणारी पिवळीधमक बिअर जवळजवळ सगळी लागर असते, म्हणून आपल्याकडे बिअर म्हटलं की तीच चव डोक्यात बसलीय. एलमध्ये यीस्ट स्वतःचा वास सोडतं, कधी सफरचंदासारखा, कधी पेरूसारखा, कधी नुसता ताज्या पावासारखा, आणि आम्हाला तेच आवडतं.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये फार पूर्वी एल म्हणजे हॉप्स नावाची कडवट फुलं न घातलेली आणि बिअर म्हणजे हॉप्स घातलेली असा फरक होता, हॉप्स तिथे १५व्या शतकात युरोपातून आले. आता तो फरक राहिला नाही, सगळ्यातच हॉप्स असतात.

जिंजर एल पण हेच का?

नाही, ते आल्याच्या चवीचं सॉफ्ट ड्रिंक आहे. नाव सारखं आहे, एवढंच.

यात घालता तरी काय काय?

पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट. चवीसाठी पाचवं काही घातलं तर त्या दिवशीच्या बोर्डावर लिहितो.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली जव, काही घरात तिला सातू म्हणतात. मटकीला मोड आणता तसंच, आधी भिजवायचं, मग पसरून मोड येऊ द्यायचे आणि मोड दाण्याच्या बाहेर फार लांब जायच्या आत गरम हवेने वाळवून टाकायचं. ज्यांच्या घरी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात त्यांना हे सांगायलाच लागत नाही. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, पुढे स्टार्चची साखर तेच करतात. म्हणजे निम्मं काम आमच्या हातात पोतं यायच्या आधीच झालेलं असतं. आमचं रोजचं माल्ट राजस्थान-हरियाणाकडच्या जवेचं आहे. इंग्लिश बिटर, म्हणजे तिकडची कडवट एल, करतो तेव्हा मात्र मॅरिस ऑटर नावाच्या जुन्या इंग्लिश वाणाचं मागवतो, महाग पडतं, पण त्याची ती बिस्किटासारखी चव दुसऱ्या कशात येत नाही, खूप वेळा ट्राय केलंय.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, हिरवी, कागदासारखी, आत पिवळी पूड. कडवटपणा आणि वास दोन्ही तिथून येतात. नाशिकमध्ये द्राक्षाचा वेल इतका छान येतो तर हॉप्सचा का नाही असं बरेच शेतकरी विचारतात. या वेलीला हिवाळ्यात कडक थंडी आणि उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो, आपल्याकडे जूनमध्येसुद्धा दिवस तेरा तासांच्या थोडा पुढे जातो. भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये ते पीक घेतलं गेलंय. आम्ही इंग्लंडचे ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि फगल वापरतो, मातकट, गवती, थोडे मधासारखे.

नाशिकच्या पाण्याने चवीत फरक पडतो का?

पडतो, आणि यावर मी तासभर बोलू शकतो. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. जगात जिथे जी बिअर नावाजली तिथलं पाणी बघा. इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी जिप्समवालं, सल्फेट भरपूर, त्यामुळे तिथली फिकट रंगाची पेल एल कोरडी आणि कडवटपणा स्वच्छ. लंडन आणि डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटचं, त्यात भाजलेल्या माल्टचा आंबटपणा बरोबर बसतो, म्हणून तिथे पोर्टर आणि स्टाउट या काळ्या बिअर वाढल्या.

आपला खडक काळा कातळ, बसॉल्ट. आमच्या बोअरचं पाणी बायकार्बोनेटवालं आहे, पातेल्यात उकळलं की खाली पांढरा थर धरतो. नळाचं गंगापूर धरणाचं पाणी त्या मानाने हलकं, पण त्यात क्लोरीन असतं आणि क्लोरीनवालं पाणी बिअरमध्ये गेलं की औषधाच्या बाटलीसारखा वास येतो, तो नंतर काही केल्या जात नाही. म्हणून पाणी आधी कार्बन फिल्टरमधून जातं, थोडं आरओ होतं, मग आम्ही मोजून जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड घालतो. डार्क एलसाठी बोअरचं पाणी जास्त ठेवतो. आमची पोर्टर लोकांना आवडते त्यात त्या कातळाचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

एक बॅच बनते कशी, पहिल्यापासून सांगा ना.

सकाळी सहाला पाणी तापायला ठेवतो. साधारण १०० किलो माल्ट आदल्या संध्याकाळी भरडून ठेवलेलं असतं, पीठ करायचं नाही, फक्त दाणा फुटला पाहिजे आणि साल अखंड राहिलं पाहिजे कारण पुढे तेच साल चाळणीचं काम करतं. मग गरम पाण्यात माल्ट सोडून ढवळायचं, दिसायला पातळ लापशी. याला मॅश म्हणतात. ते ६६-६७ डिग्रीला एक तास राहू द्यायचं. तापमान थोडं खाली ठेवलं, ६३-६४, तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते आणि एल हलकी, कोरडी होते. ६९ च्या आसपास गेलं तर अंगाने भरीव, गोडसर. म्हणजे दोन-तीन डिग्रीत बिअर बदलते.

इथे नाशिकची हवा मध्ये येते. जानेवारीत गोडाऊनमधलं माल्ट १२ डिग्रीला असतं, निफाडकडची ती थंडी तुम्हाला माहितीच आहे, आणि मे महिन्यात तेच पोतं ३६ ला असतं. त्यामुळे मॅश ६७ ला बसवायचं असेल तर थंडीत पाणी ७५-७६ ला घ्यावं लागतं आणि उन्हाळ्यात ७२ पुरतं. सुरुवातीला आम्ही बारा महिने एकच आकडा धरून चाललो होतो आणि दर वेळी चव वेगळी का येते म्हणून डोकं खाजवत बसायचो. आता पोत्यात थर्मामीटर खुपसल्याशिवाय पाण्याला हात लावत नाही.

तासाभराने पांढऱ्या बशीत चमचाभर रस घेऊन आयोडीनचा थेंब टाकतो. शाळेत बटाट्यावर टाकला की निळा-काळा व्हायचा तोच प्रयोग. रंग बदलला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबा. पिवळट राहिला तर साखर झाली. मग तो गोड रस खालून काढायचा, वरून ७५-७६ डिग्रीचं पाणी हळूहळू शिंपडत राहायचं म्हणजे माल्टमध्ये अडकलेली साखर धुऊन येते. फिल्टर कॉफीच्या भांड्यात होतं तसंच, आणि तिथल्यासारखीच इथेही घाई चालत नाही, जोरात ओढलं की माल्टचा थर दाबला जातो आणि सगळं ठप्प होतं.

त्या गोड रसाला वर्ट म्हणतात. तो तासभर खळखळून उकळायचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे त्यामुळे इथे पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं, काही बिघडत नाही पण पहिल्यांदा बघणाऱ्याला मीटर खराब आहे असं वाटतं. उकळी फुटताना भांड्याजवळून हलायचं नाही, दूध उतू जातं तसं वर्ट उतू जातं आणि ते चिकट असतं, भाजलं तर सुटत नाही. हॉप्स उकळीत दोन-तीनदा घालतो. आधी घातलेले कडवटपणा देतात, शेवटी घातलेले वास. ५०० लिटरला दीड किलोच्या आसपास, तेवढे पुरतात.

मग वर्ट भराभर थंड करून १९ डिग्रीवर टाकीत घ्यायचं. उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० डिग्रीचं येतं, त्याने एवढं थंड होत नाही, म्हणून दुसरा टप्पा चिलरच्या ग्लायकॉलवर, म्हणजे न गोठणाऱ्या थंडगार द्रवावर. टाकीत यीस्ट घातलं की आमचं काम संपलं, पुढचं यीस्टचं.

दारू नेमकी कधी तयार होते?

टाकीतच. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पहिल्या रात्री टाकीतून पाण्याच्या बादलीत सोडलेल्या पाइपातून एखाद-दुसरा बुडबुडा येतो, दुसऱ्या दिवशी सकाळी बादली अक्षरशः खदखदत असते. आम्ही रोज नमुना घेऊन त्यात हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची काचेची नळी, सोडतो. सुरुवातीला १.०४८ दाखवतो, आठवड्याने १.०१२ वर येऊन थांबतो. दोन आकड्यांचा फरक घ्या, १३१.२५ ने गुणा, ४.७ टक्के अल्कोहोल आलं.

आकडा थांबला म्हणून बिअर झाली असं नाही हं. मधल्या काळात यीस्टने डायअॅसिटाइल नावाची एक गोष्ट सोडलेली असते, वास अगदी लोण्याचा, थिएटरच्या पॉपकॉर्नचा. दोन-तीन दिवस अजून थांबलं तर यीस्ट ते स्वतःच परत खाऊन टाकतं. मग थंड करायचं म्हणजे यीस्ट खाली बसतं. सगळं धरून अडीच ते तीन आठवडे जातात.

लवकर नाही का करता येत? शनिवारी आलो की संपलेली असते.

तुमचा राग समजतो. पण तापमान वाढवून लवकर केलेली एल आम्ही विकणार नाही, आणि कारण आमच्यावर गुदरलेलं आहे. एका मे महिन्यात रात्री आठच्या सुमारास लाइट गेली, आली तेव्हा चिलरचा पंप ट्रिप झालेला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. यीस्ट जोरात असताना स्वतःच उष्णता सोडतं. सकाळी सहाला टाकी १९ वरून २४ वर. आकडे पुढे बरोबर आले, रंग छान, पण ग्लास नाकाशी नेला की नेलपॉलिशच्या रिमूव्हरसारखा भपका आणि घशात जळजळ. पंधरा दिवस वाट बघितली, गेला नाही. रजिस्टरमध्ये नोंद करून ५०० लिटर ओतून दिली. त्या रात्रीनंतर टाकीला अलार्म लावलाय, तो थेट फोनवर येतो.

यीस्ट दर वेळी नवीन आणता का?

नाही. हे विरजणासारखं आहे. चांगलं दही लागलं की आपण त्यातलं चमचाभर पुढच्या दुधाला ठेवतो ना, तसंच टाकीच्या तळातून जाड, साईसारखं यीस्ट काढून स्टीलच्या बंद भांड्यात थंड ठेवतो आणि पुढच्या बॅचला वापरतो. पूर्वी उघड्या टाक्या असायच्या आणि वर आलेला फेस पळीने काढून पुढे द्यायचे, एलचं यीस्ट वर येतं म्हणून ते जमायचं. आठ-दहा पिढ्यांनंतर मात्र ते थकतं, वास बदलतो, तेव्हा लॅबमधून ताजं कल्चर मागवतो. एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची रीत १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेनने बसवली, त्याआधी ब्रूअर जे मिळेल त्यावर भागवायचे.

तुमची बिअर शाकाहारी आहे का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि अगदी योग्य प्रश्न. पारंपरिक इंग्लिश एल स्वच्छ करायला आयझिंग्लास वापरतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. आम्ही ते वापरत नाही, पहिल्या दिवसापासून नाही. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस घालतो, ते समुद्री शेवाळ आहे, आणि बाकी थंडीत पडू देतो. त्यामुळे आमची एल कधी थोडी धुरकट दिसेल, ते चालू द्या. मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज असतं, म्हणजे दुधाची साखर, व्हीगन असाल तर ती टाळा. ग्लूटेन सगळ्यांत असतं, सिलिअॅक, म्हणजे ग्लूटेन न चालणारा आजार असेल तर आमच्याकडची कुठलीच नको.

चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट असतं का? आणि काळी बिअर जास्त कडक ना?

चॉकलेट नसतं, रंगावरून नाव पडलंय. जव कॉफीसारखी भाजली की तसा रंग आणि चव येते. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या ड्रममध्ये माल्ट भाजायचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूठभर काळं माल्ट घालून पोर्टर काळी करता यायला लागली. शंभर किलोत चार-पाच किलो पुरतं. म्हणजे रंगाचा आणि अल्कोहोलचा काही संबंध नाही, आमची काळी माइल्ड, म्हणजे कमी कडवट एल, ३.६ टक्के आहे आणि सोनेरी पेल एल ५. दुकानातल्या स्ट्राँग लिहिलेल्या बाटल्या ८ पर्यंत जातात, तो हिशोब डोक्यात ठेवून इथे पिऊ नका, चव घेत प्या.

हातपंपातून देता ती एल गार का नसते? आणि बुडबुडे पण कमी?

ही आमची सगळ्यात लाडकी. तिला कास्क एल म्हणतात. टाकीतलं यीस्टचं काम पूर्ण संपायच्या जरा आधी थोडी साखर शिल्लक असताना ती ४१ लिटरच्या पिंपात भरायची, त्या पिंपाला फर्किन म्हणतात, ९ इंग्लिश गॅलनचं. उरलेली साखर यीस्ट पिंपातच खातं आणि गॅस आतल्या आत तयार होतो, बाहेरून सिलिंडर लावत नाही. पिंप आडवं ठेवून दोन दिवस शांत राहू द्यायचं, वरच्या भोकात लाकडी खुंटी मारून जास्तीचा गॅस सोडायचा आणि मग हाताने दांडा ओढून ग्लास भरायचा. १२ डिग्रीला द्यायची. बर्फगार केली तर माल्ट आणि यीस्टचा वास गोठतो, कडवटपणा तेवढा उरतो. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये अशी एल टिकावी म्हणून लोकांनी कॅमरा नावाची चळवळच उभी केली, इतकं तिच्यावर प्रेम.

पिंप उघडलं की हवा आत जाते, तीन दिवसांत संपवावं लागतं. म्हणून आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीच कास्क करतो आणि शुक्रवारी संध्याकाळी उघडतो. पहिला घोट घेऊन लगेच ठरवू नका. ग्लास दहा मिनिटं टेबलावर राहू द्या आणि मग परत प्या.

मिसळीबरोबर कुठली घ्यावी?

नाशिककराचा प्रश्न! हॉप्सचा कडवटपणा तिखटाला आणखी पेटवतो, त्यामुळे काळ्या रश्श्याबरोबर आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट एल, घेतली तर कान गरम होतील. ब्राऊन एल किंवा माइल्ड घ्या, माल्टचा गोडवा तर्रीला सांभाळून घेतो. चिवड्याबरोबर बिटर. भाजलेल्या मक्याच्या कणसाबरोबर पेल एल, पावसाळ्यात करून बघाच.

द्राक्षाची एल कधी करणार?

करतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाग उतरते तेव्हा. शेनिन ब्लांक या वाइनच्या द्राक्षाचा ताजा रस टाकीत घालतो, फर्मेंटेशन निम्मं झाल्यावर, कारण द्राक्षाच्या सालीवर स्वतःचं रानटी यीस्ट असतं आणि आमच्या यीस्टने आधी जागा धरलेली बरी. इटलीत अशा एल बऱ्याच वर्षांपासून करतात. खायची थॉमसन वापरून बघितली होती, गोड लागते पण वास उतरत नाही. एकच टाकी होते, संपली की पुढच्या वर्षी.

घरी करून बघू का? एक किट ऑनलाइन दिसलं.

महाराष्ट्रात लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, मग ती पाच लिटर का असेना. नका करू. शिकायचं असेल तर बुधवारी सकाळी या, ढवळायला फावडं हातात देऊ, आयोडीनची बशी दाखवू.

वयाचं आणि परमिटचं काय?

२१ पूर्ण नसतील तर देत नाही, ओळखीचे असाल तरी ओळखपत्र मागू, रागवू नका. परमिट लागतं, आपल्याकडे रस्तोरस्ती परमिट रूम लिहिलेले बोर्ड दिसतात ते त्यावरूनच. ड्राय डेला बंद. आणि गाडी घेऊन आला असाल तर चालवणारा पिणार नाही, १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ती दोन ग्लासात ओलांडली जाऊ शकते. रिक्षा आम्ही बोलावून देतो.

दिवसभर ढवळतच असता का?

नाही हो, दिवसभर धुतच असतो. टाकी, पाइप, वॉल्व्ह, नळाच्या तोट्या, सगळं आधी कॉस्टिकने, मग पाण्याने, मग जंतू मारणाऱ्या पेरॅसेटिक अॅसिडने. वर्ट म्हणजे कोमट साखरपाणी, जो जिवाणू आधी पोचेल त्याचं राज्य. एका लिटर एलमागे सहा-सात लिटर पाणी जातं त्यातलं बरंचसं धुण्यात, आणि ते मला खुपतं, म्हणून वर्ट थंड करताना गरम झालेलं पाणी आता साठवून पुढच्या मॅशला वापरतो.

उरलेल्या चोथ्याचं काय करता?

प्रत्येक बॅचला शे-सव्वाशे किलो ओला चोथा निघतो. साखर गेलेली असते पण प्रोटीन आणि साल राहतं, गाई आवडीने खातात. त्र्यंबक रोडकडचे एक गोठेवाले काका बुधवारी दुपारी छोटा टेम्पो घेऊन येतात. त्याच दिवशी न्यावा लागतो, दुसऱ्या दिवशी आंबतो, उन्हाळ्यात तर संध्याकाळीच वास बदलतो. पहिल्यांदा नेला तेव्हा काका म्हणाले बघू, खातात का. पुढच्या आठवड्यात दुपारी तीनला यायचे ते अकरालाच टेम्पो लावून उभे, आमचं मॅश अजून टाकीतच होतं.